कॅसिनोतली डीलर कम्प्लायन्समध्ये जाऊ शकते का?

पत्र सावंतवाडीजवळच्या एका गावातून आलंय. लिहिणारी 29 वर्षांची, बी.कॉम. झालेली. 7 वर्षं पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनोत आहे. आधी डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारी, आता पिटमध्ये, म्हणजे खेळाच्या टेबलांच्या भागात, इन्स्पेक्टर. तिला जायचंय कम्प्लायन्समध्ये, म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळते का ते बघणाऱ्या विभागात. खाली सही केलीय 'रात्रपाळी'. पत्र लांब आहे, त्यातला गाभा तिच्याच शब्दांत:

"ताई, संध्याकाळी फीडर बोटीत बसते ती सकाळी उतरते. पाठ गेली, झोप गेली. आमच्याकडे कम्प्लायन्सचे एक सर आहेत. दिवसा येतात, फायली बघतात, फ्लोअरवर आले की पिट बॉसपण सरळ उभा राहतो. मला ते काम करायचंय. पण एचआर म्हणते त्याला सीए नाहीतर वकील लागतो, पत्ते वाटणारीला कोण घेणार? कोणता कोर्स करू? नोकरी सोडून करू का? घरी लग्नाचं बघतायत आणि मुलाकडच्यांना 'हॉटेल लाइनमध्ये आहे' एवढंच सांगितलंय."

रात्रपाळी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नोकरी सोडू नका. ज्या कामाच्या जोरावर तुम्हाला पुढे जायचंय ते काम हातातून घालवून कोर्स करत घरी बसलात, तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे एक सर्टिफिकेट असेल आणि मधल्या काळात काय करत होता याचं उत्तर नसेल.

आता सीएचं. तुमच्या एचआर बाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. विभागप्रमुख होताना पदवीचं वजन पडतं, नाही असं नाही. पण कायद्याने कुठेही सीए किंवा वकील मागितलेला नाही. प्रत्येक कॅसिनोने एक 'प्रिन्सिपल ऑफिसर' नेमावा आणि तो व्यवस्थापनाच्या पातळीवरचा असावा, एवढीच अट आहे. त्याच्या हाताखाली जे काम रोज चालतं ते म्हणजे गेस्टची कागदपत्रं तपासणं, चिप्सची, म्हणजे पैशांच्या बदल्यात मिळणाऱ्या बिल्ल्यांची, खरेदी आणि कॅश-आउट जुळवून बघणं, कोणता व्यवहार वर कळवायचा ते ठरवणं आणि का कळवतोय ते नीट लिहून काढणं. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं तुम्ही वेगळ्या अंगाने करतच आहात.

मी स्वतः बँकेच्या मनी लाँडरिंगविरोधी, म्हणजे काळा पैसा पांढरा करणं रोखणाऱ्या, विभागातून निवृत्त झाले. आमच्यासमोर कायम आकडे यायचे. खात्यात इतके आले, इतके गेले, अमक्या शाखेतून गेले. माणूस दिसायचा नाही. तो घाईत होता का, कोणाकडे बघून मान हलवत होता, फॉर्म कोण भरून देत होतं, यातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. तुम्ही 7 वर्षं तेवढंच बघत आलाय. कॅसिनोत पैसा नोटा होऊन आत येतो, चिप्स होतो आणि जाताना 'जिंकलेले पैसे' म्हणून बाहेर पडतो. या तीन पायऱ्यांमधली मधली पायरी फक्त टेबलापाशी दिसते. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात एकाने 'बँकर'वर लावायचं, त्याच्या साथीदाराने तेवढंच विरुद्ध बाजूच्या 'प्लेअर'वर लावायचं, म्हणजे दोघांचं मिळून जवळपास काहीच जात नाही आणि चिप्स मात्र 'खेळलेल्या' होतात. हे तुम्ही पाहिलं नसेल असं मी मानायला तयार नाही. दर फेरीला साडेनऊ लाखांवर येऊन थांबणारा गेस्टही पाहिला असेल. तो तिथेच का थांबतो याचा मात्र तुम्ही विचार केला नसावा, कारण ते तुमचं काम नव्हतं.

तो थांबतो कारण 10 लाखांवरचा रोख व्यवहार दिल्लीला कळवावा लागतो. 2002च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यातलं कळवायचं बंधन मुळात बँका, वित्तसंस्था आणि शेअर बाजारातल्या मध्यस्थांपुरतं होतं. 2009च्या दुरुस्तीने कॅसिनो त्यात आले. तेव्हापासून 10 लाखांवरचे रोख व्यवहार, किंवा एकमेकांशी जोडलेले आणि एका महिन्यात मिळून 10 लाखांवर जाणारे छोटे व्यवहार, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या दिल्लीतल्या केंद्रीय यंत्रणेला कळवायचे असतात. संशयास्पद व्यवहाराला रकमेची अट नाही. तो 40 हजारांचा असला तरी कळवायचा. नोंदी 5 वर्षं जपायच्या. चूक झाली तर प्रत्येक चुकीमागे 10 हजार ते 1 लाख दंड. म्हणजे साडेनऊ लाखांवर थांबणारा माणूस स्वतःला हुशार समजतो, पण त्याच महिन्यात तो दुसऱ्यांदा आला आणि दोन्ही व्यवहार जोडलेले दिसले तर त्याचं गणित फसतं. आणि ते फसवायला कोणीतरी दोन्ही वेळा त्याला ओळखलेलं असावं लागतं.

हे सगळं कागदी सोपस्कार वाटत असेल तर 2016 सालची बांगलादेश बँकेची चोरी आठवा. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर न्यूयॉर्कच्या खात्यातून मनिलाच्या एका बँकेत आले आणि त्यातला मोठा भाग तिथल्या कॅसिनोंत जिरला. पुढचा माग काढणं अवघड झालं, कारण फिलिपिन्सच्या मनी लाँडरिंग कायद्यात तेव्हा कॅसिनो धरलेलेच नव्हते. 2017 मध्ये त्यांना घाईघाईने कायद्यात आणलं. दार कुठलं उघडं आहे ते चोरांना आधी कळलं, सरकारला नंतर. ऑस्ट्रेलियात तर कायदा होता, कम्प्लायन्सचा विभागही होता, तरी 2023 मध्ये क्राउन या मोठ्या कॅसिनो कंपनीला तिथल्या कोर्टाने 45 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. मोठ्या गेस्टना कोणी हटकत नव्हतं. तुमचे ते इस्त्रीच्या शर्टातले सर फ्लोअरवर आले की पिट बॉस का सरळ होतो, त्याचं उत्तर इथे आहे.

आता तुमच्यात काय कमी आहे ते. लिहिणं. हे काम म्हणजे निम्मं लिहिणं आहे, आणि फ्लोअरवरच्या मंडळींना तोंडी सांगायची सवय असते. इन्स्पेक्टर म्हणून तुम्ही लॉगमध्ये काय लिहीत असाल त्याचा मला अंदाज आहे: "गेस्ट संशयास्पद वाटला. वागणं विचित्र. शिफ्ट मॅनेजरला कळवलं." याचा उपयोग शून्य. तीच गोष्ट अशी लिहून बघा:

"टेबल 7, बॅकरा. रात्री 1.10. गेस्टने 4 लाख रोख देऊन चिप्स घेतल्या. सगळ्या पाचशेच्या नोटा, रबरबँड लावलेल्या. 35 मिनिटांत 6 हात खेळला, सहाही वेळा टेबलाची किमान बेट. एकूण 12 हजार हरला. 1.45 ला उठला. उरलेल्या चिप्स त्याने स्वतः घेतल्या नाहीत, शेजारी बसलेल्या दुसऱ्या गेस्टने उचलल्या. तो दुसरा या टेबलावर एकही हात खेळला नव्हता. 1.55 ला त्यानेच कॅजवर (रोखीच्या काउंटरवर) चिप्स वटवल्या. प्रवेशाच्या नोंदीनुसार दोघे एकाच बोटीने आले."

यात तुमचं मत कुठेच नाही. वेळ, रक्कम, हात, माणसं. वाचणारा दिल्लीत बसलाय, त्याने तुमचा कॅसिनो कधी पाहिलेला नाही, तरी त्याच्या डोळ्यापुढे टेबल उभं राहतं. मी विभागात होते तेव्हा एमबीए झालेली मुलं असं लिहू शकायची नाहीत, कारण त्यांनी प्रसंग पाहिलेला नसायचा. ती नियमांचे उतारे जोडत बसायची. रोज शिफ्टवरून आल्यावर झोपायच्या आधी असा एक परिच्छेद लिहा, इंग्रजीत. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, वाक्यं छोटी ठेवा. अहवाल इंग्रजीतच जातात, त्यामुळे सवय आत्तापासून हवी.

फक्त एक सांभाळा. खऱ्या गेस्टचं नाव, फोटो, आधार-पॅनचा नंबर, कॅजच्या पावतीचा मोबाइलवर काढलेला फोटो, यातलं काही घरी आणायचं नाही. सराव काल्पनिक प्रसंगांवर करा. गेस्टची माहिती बाहेर नेली म्हणून नोकरी गेलेल्या माणसाला कम्प्लायन्समध्ये कोणी उभं करत नाही, आणि ते बरोबरच आहे. तसंच, एखाद्या गेस्टचा अहवाल गेलाय हे त्याला कळू देणं हा नियमभंग आहे. ड्रेसिंग रूममध्ये "अमक्याचं नाव वर गेलं म्हणे" ही कुजबुजही त्यातच मोडते. ही शिस्त तुम्हाला पद मिळायच्या आधी लागलेली असू दे.

मार्ग कसा? पिटमधून उडी मारून एकदम कम्प्लायन्सच्या खुर्चीत बसणारे मी पाहिलेले नाहीत. मध्ये एक थांबा घ्यावा लागतो. तुमच्याकडे तीन आहेत: प्रवेशाजवळचा केवायसी काउंटर, सर्व्हेलन्स आणि कॅज. काही जण सर्व्हेलन्सकडे ओढले जातात, पडद्यांसमोर बसायचं, डीलरच्या हातांवर नजर ठेवायची, त्यात रुबाब वाटतो. मी तुमच्या जागी असते तर कॅज मागितलं असतं. रोख अहवालाचा कच्चा माल सगळा तिथून निघतो. नोटा, पॅन, पासपोर्ट, परदेशी चलन, दिवसअखेरचा ताळा आणि तो जुळला नाही की पहाटे पाचला होणारी रडारड, हे सगळं कॅजवर एका वर्षात कळतं. बी.कॉम. आहात, ताळा जुळवण्याची भीती नसावी. केवायसी काउंटर तिसरा. तिथे कागद कळतो पण पैसा दिसत नाही.

कॅजही रात्री चालतं, याची कल्पना असू दे. पाठीला आराम मिळेल, झोपेला लगेच नाही.

शिफ्ट मॅनेजरशी बोलाल तेव्हा "मला कम्प्लायन्समध्ये जायचंय" असं सांगू नका, तो घाबरेल किंवा हसेल. "कॅज शिकायचंय" म्हणा. आणि त्या कम्प्लायन्सच्या सरांना एकदा गाठून विचारा की फ्लोअरकडून येणाऱ्या नोंदींत त्यांना काय कमी पडतं. हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारत नसणार. उत्तर मिळालं की पुढच्या नोंदीत तेवढं भरून द्या. विभागात जागा निघाली की त्यांना आधी कोणाचं नाव आठवेल हे वेगळं सांगायला नको.

कोर्सचं विचारलंत. पहिलं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचं एएमएल-केवायसीचं, म्हणजे मनी लाँडरिंग रोखणं आणि ग्राहकाची ओळख पटवणं या विषयाचं, सर्टिफिकेट. बँकेत नसलेल्यांनाही बसता येतं, बारावी पास असलं की पुरे, आणि खिशाला झेपतं. उदाहरणं सगळी बँकेची आहेत, पण कायदा तोच. त्याच्या जोडीला मनी लाँडरिंग कायदा आणि त्याखालचे 2005चे नोंदी ठेवण्याचे नियम मुळातून वाचा. नियम फार मोठे नाहीत, आणि वर सांगितलेले 10 लाख, 15 तारीख, सगळं त्यात आहे. गोव्याचा 1976चा जुगार कायदाही वाचा, कारण तुमचा सगळा धंदा त्यातल्या अपवादांवर उभा आहे: पंचतारांकित हॉटेलांतली मशीन 1992च्या दुरुस्तीने आली, पाण्यातली जहाजं 1996च्या. 21 वर्षांची अट आणि 2020 पासून गोवेकरांना खेळायला असलेली प्रवेशबंदी हेही त्याच कायद्याच्या घरातलं. प्रवेशाच्या दारावर ओळखपत्र नीट न बघणं हा कम्प्लायन्सचाच प्रश्न आहे. जीएसटी तुमचा विषय नाही, पण 2023 मध्ये तो चिप्सच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के झाला आणि सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला आहे हे माहीत असू दे. कर वाढला की चिप्सशिवाय, चिठ्ठीवर हिशेब करण्याचा मोहही वाढतो, आणि तो पकडायचं काम पुन्हा तुमच्याकडे येतं.

एक्सेल शिका, तेही नीट. तारखेने, नावाने, रकमेने यादी लावता आली पाहिजे.

कॅम्स नावाचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट तुम्हाला कोणीतरी सुचवेल. चांगलं आहे, पण खर्च लाखाच्या वर जातो आणि परीक्षेला बसायला शिक्षण-अनुभवाचे ठरावीक क्रेडिट लागतात. विभागात वर्ष-दोन वर्षं काढल्यावर करा, जमलं तर कंपनीच्या पैशाने. "तीन महिन्यांत कम्प्लायन्स ऑफिसर, नोकरीची हमी" असली जाहिरात दिसली तर पुढे सरका.

दोन वर्षांपूर्वी हे पत्र आलं असतं तर मी ऑनलाइन गेमिंग कंपन्यांचं नाव पहिलं घेतलं असतं. तिथे अशा माणसांना मागणी होती. ऑगस्ट 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि त्याबरोबर त्या नोकऱ्याही गेल्या. अजूनही कुणी 'गेमिंग कम्प्लायन्स'चं आमिष दाखवत असेल तर कंपनी नक्की काय चालवते ते आधी बघा. त्याऐवजी पुण्या-मुंबईतल्या परदेशी बँकांच्या मागच्या कार्यालयांकडे लक्ष ठेवा. तिथे व्यवहारांवर नजर ठेवणारी मोठी पथकं असतात आणि सुरुवातीच्या पातळीला पदवी चालते. क्रिप्टोवाले 2023 पासून याच कायद्याखाली आलेत, त्यांनाही माणसं लागतात. आणि तुमच्या भागातली निम्मी घरं आखाताकडे बघत असतात म्हणून सांगते: अमिरातीने 2023 मध्ये जुगारासाठी स्वतंत्र नियामक नेमलाय आणि रास अल खैमाला विन कंपनीचं मोठं रिसॉर्ट उभं राहतंय, त्यात कॅसिनो आहे. टेबल आणि कायदा दोन्ही कळणारी माणसं आखातात आयती मिळणार नाहीत, कारण तिथे हा धंदाच नवा आहे. एजंटला पैसे मात्र देऊ नका. अर्ज थेट कंपनीच्या साइटवर.

पैशाचं कोणी स्पष्ट बोलत नाही, मी बोलते. टिप्स जातील. तुमच्या हातात महिन्याला जे पडतं त्यात टिप्सचा वाटा किती, ते गेल्या वर्षभराचं काढून बघा, सीझनचं आणि पावसाळ्याचं वेगळं. कम्प्लायन्सला सुरुवातीला मिळणारा पगार तुमच्या मूळ पगाराच्या थोडा वर असेल, टिप्स धरून येणाऱ्या रकमेच्या खाली. हा खड्डा दोन-तीन वर्षांचा असतो, पुढे भरून निघतो, पण अंगावर कर्ज असेल तर आधी हप्त्यांचं गणित मांडा. आणि दिवसाची नोकरी म्हणजे दहा ते सहा असं समजू नका. महिन्याच्या 10 ते 15 तारखेच्या दरम्यान त्या सरांचा चेहरा एकदा बघून या.

बायोडेटात "बॅकरा, रुलेट, ब्लॅकजॅक, तीन पत्ती डील केले" हे एका ओळीत आटपा. बाहेरच्या माणसाला त्याचं काही कळत नाही. इन्स्पेक्टर म्हणून किती टेबलांवर देखरेख केली, चिप फिल आणि क्रेडिटच्या, म्हणजे टेबलावर चिप्स आणल्याच्या आणि परत नेल्याच्या, स्लिपांवर सह्या कशा तपासल्या, वाद झाला तेव्हा सर्व्हेलन्सचं फुटेज मागवून तो कसा मिटवला, ते लिहा. मुलाखतीत कोणीतरी "कॅसिनोत? असं?" म्हणून भुवई उंचावेल. ओशाळं व्हायचं कारण नाही. परवाना असलेला, कर भरणारा धंदा आहे आणि तुम्ही त्यात हिशेबाच्या बाजूला उभ्या होता.

आणि तुम्हीही त्यांना एक प्रश्न विचारा: प्रिन्सिपल ऑफिसर कोणाला रिपोर्ट करतो? उत्तर "संचालक मंडळाला" असेल तर बरं. "सेल्स हेड" किंवा "ऑपरेशन्स" असेल तर मोठा गेस्ट आला की तुमची फाईल कोणत्या कपाटात जाणार ते ओळखून असा. दडपण येतंच. "वर्षाला दोन कोटी लावतो हा माणूस, त्याचा पॅन उद्या घेऊ" असं सांगायला येणारा कदाचित तुमचाच जुना पिट बॉस असेल, ज्याने तुम्हाला पहिल्यांदा टेबलावर उभं केलं. त्याला नाही म्हणणं जड जाईल. म्हणून शक्य असेल तर पहिलं पद दुसऱ्या कंपनीत घ्या. कायद्याचा आधार एवढा आहे की तुम्ही नियमानुसार माहिती कळवली म्हणून तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. मैत्री तुटण्यावर मात्र त्यात कलम नाही.

राहिला लग्नाचा मुद्दा. नोकरीचं ठिकाण मुलाकडच्यांना आत्ताच सांगून टाका. कम्प्लायन्समध्ये गेलात तरी ओळखपत्रावर कॅसिनोचंच नाव राहणार आहे. उद्या एखाद्या बँकेने घ्यायचं ठरवलं तर मागच्या नोकरीची चौकशी होते, आणि पत्ता पडताळायला माणूस घरीही येतो. तो नेमका सासूबाईंनाच विचारेल, सून आधी कुठे कामाला होती.